बटणांच्या डब्यातलं पाकीट

नवऱ्याच्या कोटाच्या खिशात मला थैली सापडली. कापडाची, मुठीएवढी, आत ज्येष्ठमधाच्या कांड्या. पण मी कांड्या बघितल्याच नाहीत, मी टाके बघितले. एक इकडे, एक तिकडे, मधेच दोऱ्याचा गुंता. डोळे मिटून शिवली असावी. मी शिवणकाम करते, अख्खी गल्ली माझ्याकडून कपडे उसवून-बसवून नेते, आणि माझ्या नवऱ्याच्या खिशात दुसरीच्या हातची थैली! तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसरी म्हणजे काचवाली. नवरा काचेच्या गोदामात कामाला आहे आणि ती त्याची जोडीदारीण. मोठी काच एकट्यानं उचलता येत नाही. दोघांनी दोन टोकांना रबरी वाट्या चिकटवायच्या, एकदम उचलायचं आणि पावलाला पाऊल जुळवून चालायचं. ही त्याला ‘लंबू’ म्हणते. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी लंबू म्हणायचं सुचलं नाही आणि हिला सुचलं.

दोघांनी सिगारेट एकदमच सोडली. ह्यांच्या पायाच्या रक्तवाहिन्या आकसल्यात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, सिगारेट ठेवायची का पाय, ते तुम्हीच ठरवा. मग ती म्हणाली म्हणे, ‘लंबू, तू नाही तर मीही नाही.’ सोडा, सोडा म्हणून मी आयुष्यभर घसा कोरडा केला तो कुठल्या कुठे गेला, आणि हिचं एक वाक्य झालं तर केवढं कौतुक!

त्या दिवशी नवऱ्यानं एक न फोडलेलं पाकीट माझ्या हातात दिलं. “लपवून ठेव. फेकू नकोस, फेकलंस तर मी नवं आणीन. तुझ्याकडे आहे एवढं माहीत असलं की धीर राहील. पण मी पाया पडलो तरी देऊ नकोस.” मी ते बटणांच्या डब्यात तळाशी घातलं आणि वर सगळी बटणं ओतली. तेव्हा फार बरं वाटलं होतं मला.

मग सुरू झाले हाल. डोकं ठणकायचं, तोंड आतून सोलवटलं, पोट साफ होईना, हाताला मुंग्या यायच्या. खोकला तर ओढत होते तेव्हापेक्षा जास्त. डॉक्टर म्हणाले, चांगलं लक्षण आहे, छाती स्वच्छ होतेय. पण मला हे कसं कळलं? नवऱ्याकडून नाही. मी विचारलं की ‘ठीक आहे’. पुन्हा विचारलं तर खेकसायचे, “तुला नाही कळायचं, तू कधी ओढली नाहीस.” आणि मग गॅलरीत जाऊन फोनवर, “तुझं झालं का पोट साफ? माझं नाही गं! कोमट पाणी? किती?”

हसू नका. लोकांच्या नवऱ्यांची कुठे कुठे लफडी असतात. माझ्या नवऱ्याचं बद्धकोष्ठाचं होतं. पण मला सांगा, ज्या बाईला माणूस असली गोष्ट सांगतो, तिच्यापासून त्याचं काय लपून राहिलं?

आणि खरं दुखणं आणखी वेगळंच होतं. संध्याकाळी कामावरून आले की ते खिडकीशी उभे राहून सिगारेट ओढायचे आणि मी चहा घेऊन तिथेच कठड्यावर बसायचे. धुरानं डोळे चुरचुरायचे, मी नाक मुरडायचे, पण दिवसभराचं सगळं ते तिथेच बोलायचे. सिगारेट गेली तशी त्यांनी खिडकीही सोडली. ‘तिथे उभं राहिलं की तल्लफ येते,’ म्हणाले. म्हणजे सिगारेट सुटली आणि माझ्या वाटचं बोलणं काचवालीकडे गेलं. ती धुरकट संध्याकाळ परवडली, असं माझ्या मनात आलं. आलं, ते मी नाकारत नाही.

त्याच तिरीमिरीत मी थैली काढून घेतली आणि बटणांच्या डब्यातलं पाकीट तिच्या जागी खिशात सरकवलं. नवरा कोट चढवून कामावर गेला.

तो गेला आणि माझा हात चालेना. एका बाईची बाही मी चक्क उलटी जोडली. हे काय करून बसले मी? ज्या माणसानं विश्वासानं लपवायला दिलं, त्याच्याच खिशात! उद्या त्याचा पाय गेला तर काचवाली नाही, मीच जबाबदार. शिवण तशीच टाकली, चपला अडकवल्या आणि गोदामाकडे धावत सुटले.

फाटकातून आत गेले तर एक भलीमोठी काच अर्ध्या वाटेत लाकडी घोडीला टेकवलेली, आणि तिच्याशेजारी नवरा वाकून खोकत होता. हातात पाकीट. फोडलेलं.

“ओढलीत?” मी विचारलं.

“मी नाही.” त्यांनी श्वास घेतला. “सकाळी थैली काढायला गेलो तर हे हाताला लागलं. तुझं काम हे कळलं मला. परीक्षा बघत होतीस ना? मग म्हटलं, आता नाहीच ओढायची. तिला दाखवलं, बघ, बायकोनं माझ्यावर विश्वास टाकून खिशात ठेवलंय. बाकावर ठेवून काच आणायला वळलो आणि तिनं एक काढून पेटवली. मग ही काच नेताना मला उबळ आली. आमची खूण असते, खोकला येणार वाटलं की काचेवर दोनदा टकटक करायची, दुसऱ्यानं लगेच टेकवायची. मी टकटक करायच्या आत तिनं टेकवली. आणि गोदामामागे निघून गेली.”

केवढ्या अभिमानानं म्हणाले ते, विश्वास! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

गोदामामागे काचवाली रिकाम्या खोक्यावर बसली होती. उंचीनं माझ्या खांद्याएवढी, हातमोजे मांडीवर, पायाशी विझवलेलं थोटूक. एवढीशी बाई एवढाल्या काचा उचलते!

“चव नाही लागली, वहिनी,” ती म्हणाली. “चक्कर तेवढी आली. एवढं सोसलं ते पाण्यात गेलं.”

“पाकीट मी ठेवलं होतं,” मी म्हटलं. “परीक्षा-बिरीक्षा काही नाही. तुमच्यावर जळून ठेवलं.”

“माझ्यावर?” तिनं डोळे पुसले आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “मी सिगारेट सोडलीय हे माझ्या घरात कुणाला माहीत नाही. ओढत होते हेच माहीत नव्हतं. डोकं फुटतंय, तोंडात घास जात नाही, तर म्हणतात, हिला एवढा राग कसला आलाय? आणि लंबू रोज सांगतो, माझं पाकीट बायकोकडे आहे. रोज! ऐकून ऐकून पोटात दुखायचं माझ्या.”

मी तिच्याशेजारी खोक्यावर बसले.

“ती थैली टाकून दिलीत?” तिनं विचारलं. “मीच शिवली होती.”

“टाक्यांवरून ओळखलं.”

ती हसायला लागली, हसता हसता खोकायला लागली आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. खोकला थांबल्यावर तिनं जाकिटाच्या आतल्या खिशातून स्वतःचं पाकीट काढलं. न फोडलेलं, पण खिशात राहून राहून चेपलेलं. “माझंही ठेवाल?”

निघताना मी नवऱ्याकडचंही पाकीट घेतलं, घरी येऊन दोन्ही डब्यात घातली, वर बटणं ओतली. थैली उसवून नीट शिवायचं मनात होतं, पण संध्याकाळी नवऱ्यानं कोट काढून ठेवल्यावर तशीच खिशात परत ठेवली.

मग नवरा आपणहून खिडकीशी आला. तोंडात ज्येष्ठमधाची कांडी. मी चहा आणला. “आजही पोट...” त्यांनी सुरुवात केली आणि माझा जीव सुपाएवढा झाला. तेवढ्यात माझा फोन वाजला. काचवाली होती. मी गॅलरीत गेले, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हटलं, “अगं, कोमट पाण्यानं नाही झालं तर भिजवलेले मनुके खाऊन बघ.”

परत आले तर चहा तसाच, आणि नवरा मान उंचावून माझ्याकडे बघत होता. “काय म्हणत होती एवढा वेळ?”

“काही नाही. ठीक आहे.”

“मला नाही केला तिनं फोन!”

त्यांचा चेहरा मी लगेच ओळखला. इतके दिवस आरशात तोच तर बघत होते.