केदारची कुत्री

शनिशिंगणापुरात घरांना दारं नसतात, देव राखतो म्हणतात. तिथं ग्रामपंचायतीनं भटक्या कुत्र्यांच्या निवारा केंद्रातली कुत्री घरोघर द्यायचं ठरवलं, लस आणि औषधं पंचायतीकडून. पूजासाहित्याचं दुकान चालवणाऱ्या केदारनं लेकीच्या, मनवाच्या हट्टापायी एक तांबडी कुत्री घेतली. पहिल्याच रात्री ती मनवाच्या पायाशी झोपली.

सकाळी दुकानासमोर गावातले बाबूतात्या चारचौघांत म्हणाले, "काय केदारशेठ, देवाची राखण पुरंना व्हय? लई माल साठलाय वाटतं घरात."

सगळे हसले. पोरीला खेळायला आणलीय, एवढं एक वाक्य केदारच्या तोंडून निघालं नाही. असला लेचापेचा माणूस. तो म्हणाला, "मी कुठं आणलीय? पंचायतीनं गळ्यात मारली."

मग बोललेलं खरं करायला त्यानं घरी जाऊन कुत्रीला हाकललं. ती परत आत आली. पुन्हा हाकलली, पुन्हा आली. लावून घ्यायला दारच नव्हतं. शेवटी तिला उचलून त्यानं सगळ्यांदेखत, गावात कुत्री वाटत फिरणाऱ्या केंद्राच्या टेम्पोत चढवलं. ती त्याचा हात चाटत होती.

टेम्पो गेल्यावर तात्या ओशाळून म्हणाले, "आरं, मी आपली गंमत केल्ती. माझ्या नातवालाबी एक आणायची हाय."

केदार घराकडे वळला. घरी मनवा उंबऱ्यात बसली होती. तिनं वाट दिली नाही, आणि 'सरक' म्हणायला त्याला तोंड उरलं नव्हतं.