बांधावरचे पाच दगड

यशोदाबाईंनी चप्पल फाटकाशी काढली आणि पांढऱ्या खडीवर अनवाणी पाय ठेवला. खडी टोचली. टोचली याचं त्यांना बरं वाटलं.

“आक्का, फरश्यांवरून या की,” त्यांची धाकटी जाऊ गीतांजली म्हणाली. “त्यासाठीच टाकल्यात त्या.”

औशातल्या दोन सख्ख्या भावांची ही दोन घरं, मध्ये कमरेएवढी भिंत. कालपरवापर्यंत दोन्ही अंगणं सारखीच होती. तुळस, जास्वंद आणि पावसाळ्यात चिखल. दिवाळी झाली आणि गीतांजलीने लातूरहून माणूस आणला. त्याने माती सपाट केली, तण उगवू नये म्हणून जाड कापड अंथरलं, त्यावर पांढरी खडी ओतली, कडेने काळे गुळगुळीत गोटे बसवले. कोपऱ्यात पाच ओबडधोबड दगड उभे केले आणि त्यांच्या पायाशी कोरफड लावली. गल्लीतल्या बायका आता तिथं उभ्या राहून फोटो काढत. शेजारच्या उमाबाई तर आठवड्यात तीनदा येऊन गेल्या. यशोदाबाई वीस वर्षं न चुकता सडा-रांगोळी करत होत्या, त्या रांगोळीचा फोटो कधी कुणी काढला नव्हता. त्यांचा नुसता जळफळाट होत होता.

“हे मोठे दगड कुठले गं?”

“आपल्याच शेतातले. टेंपोवाल्याला सांगितलं, बांधावरचे चांगले पाच बघून आण म्हणून.”

पाच म्हणताच यशोदाबाईंचे कान टवकारले. शेतात बाभळीखाली त्यांचे पांडव असत. दर येळवशीला, मार्गशीर्षातल्या अमावास्येला, कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपटी, घालायची, पाच दगडांना चुना लावून आत मांडायचं, पांडव म्हणून पुजायचं. पावसाने चुना धुऊन गेला की वर्षभर ते साधे दगडच. चुना लावायचा मान थोरल्या सुनेचा. सासूबाई लक्ष्मीबाईंनी तो यशोदाबाईंच्या हाती दिला, तेव्हापासून त्या दिवशी सगळं घर त्यांच्यासाठी खोळंबायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या रिक्षाने शेतात गेल्या. दगड जागच्या जागी होते. भीमाच्या खांद्यावरचा टवका, सहदेवाची चपटी पाठ, सगळं तसंच. यशोदाबाईंची घोर निराशा झाली. देव जागेवर आहेत म्हणून हिरमुसलेली बाई औसा तालुक्यात दुसरी नसेल. त्या थोडा वेळ बांधावर बसून राहिल्या. मग उठल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि एकेक दगड लोटत बाभळीमागच्या वाळल्या गवतात नेऊन झाकला.

संध्याकाळी उमाबाई भिंतीशी उभ्या आहेत असं बघूनच त्यांनी तोंड उघडलं.

“गीतांजली, बाभळीखालची जागा रिकामी हाय गं. तू पांडव उचलून आणलेस. देव शोभेला लावलेस.”

गीतांजलीचा चेहरा उतरला. तिने पटापट गालांवर बोटं मारून घेतली. यशोदाबाईंना फार गोड वाटलं. आता दगड उपटले जातील, कोपऱ्यात खड्डा पडेल, येणारीजाणारी विचारील, असा त्यांचा हिशेब.

झालं भलतंच. गीतांजलीने दगड धुतले, हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला. उमाबाईंनी नारळ आणला. दोन दिवसांत गल्ली दर्शनाला येऊ लागली. लक्ष्मीबाईंनाही हाताला धरून आणलं. त्यांनी एकेका दगडावरून हात फिरवला, मग यशोदाबाईंकडे तोंड वळवलं.

“औंदा चुना गीतांजलीच्या हातानं,” शेवटी त्या म्हणाल्या.

“आत्या, मान थोरलीचा हाय,” यशोदाबाईंचा आवाज चढला.

“तूच म्हणालीस ना, देव तिच्या दारात हायेत?”

यशोदाबाईंनी त्या दगडांना हात जोडले. दुसरं काय करणार होत्या?

येळवशीच्या दिवशी ते पाच दगड गीतांजलीच्या नवऱ्याच्या गाडीतून शेतात आले. कोपीत गीतांजली चुन्याची वाटी घेऊन बसली. यशोदाबाईंच्या वाट्याला चहा करायचं काम आलं. त्यांचा नवरा देविदास चुलीसाठी दगड शोधत बाभळीमागे गेला आणि खुशीत परतला.

“गवतात लई झकास दगड गावले बघ.”

त्याने तीन दगड मांडले, मध्ये काटक्या सारल्या. टवका उडालेला दगड यशोदाबाईंच्या पुढ्यातच होता. पलीकडे पोत्यावर लक्ष्मीबाई बसल्या होत्या.

“पेटव की,” देविदास म्हणाला.

“आज चहा नको.”

“अगं, आईला लागतो.”

“मग दुसरे दगड आणा.”

“ह्यांना काय धाड भरली?” देविदासने काडीपेटी उचलली.

“देविदास, ते ठेव जरा,” लक्ष्मीबाई म्हणाल्या. “कोपीचा कडबा एका अंगाला झुकलाय. बघ जा.”

तो गेला. लक्ष्मीबाईंनी हात लांब करून चुलीचा दगड चाचपला.

“तीस वर्सं चुना लावलाय मी ह्यांना. मला वळखू येत न्हाई व्हय?”

“मग त्या दिवशी का बोलला न्हाईत?”

“तू बोलशील म्हणून वाट बघत राहिले. आज बी बघतच राहिले.”

कोपीतून गीतांजलीची हाक आली, “आक्का, या लवकर. सगळे थांबलेत तुमच्यासाठी.”

यशोदाबाईंनी पदर खोचला आणि समोरचा दगड उचलला. तो चांगलाच जड होता. छातीशी धरून त्या कोपीपर्यंत गेल्या. आत पाच दगड पांढरेशुभ्र मांडले होते, एक थेंब इकडेतिकडे सांडला नव्हता. आपल्याला इतकं नीट कधी जमलं नव्हतं, हे यशोदाबाईंना दिसलं आणि पुन्हा आतून जळलं. दारातली माणसं बाजूला झाली.

“हा कोणता, आक्का?” चुन्याने भरलेला हात तसाच धरून गीतांजलीने विचारलं.

“हा भीम,” यशोदाबाई म्हणाल्या. “दोन चुलीला हायेत. दोन गवतात. मीच झाकलेत.”