वीज गेल्यावर कोरा

मी सिलिकॉनचा तुकडा आहे. आगपेटीहून लहान, काळा, चौकोनी. बहुतेक चिपा कारखान्यातून एकाच कामाच्या होऊन येतात. माझ्या पोटातली जोडणी मात्र केव्हाही बदलता येते. आज मी मोजणारा, उद्या चित्र ओळखणारा. त्याचा मला अभिमान आहे.

२००६ साली यवतमाळच्या एका कॉलेजात भैरवी नावाच्या मुलीने आमच्या जातीची वर्गवारी केली. कोणाचे पोटातले तुकडे बारीक, कोणाचे मोठे ठोकळे. कोण एकटा चालतो, कोण प्रोसेसरच्या हाताखाली. कोणाची जोडणी काम थांबवून बदलावी लागते, कोणाची चालू कामातही बदलते. मला तिने तक्त्यात नीट बसवलं. एकच रकाना राहिला. वीज गेल्यावर कोणाला काय आठवतं? मला काहीच आठवत नाही. पण विचारल्याशिवाय मी बोलत नाही.

डिसेंबरात तिने मला कापसाचा ओलावा मोजणाऱ्या डब्यात घालून आर्णीच्या जिनिंगवर, कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या गिरणीत, आणलं. कापसाचे दिवस वाईट होते. ओला ठरला की गाडी परत. सकाळी अकरा गाड्या मी बरोबर मोजल्या. मग लोडशेडिंग झालं.

दोन तासांनी डब्याचा दिवा लागला. मी कोरा होतो. मी गप्प असलो की डब्याचा काटा शेवटच्या, सगळ्यात ओल्या आकड्यावर जाऊन टेकायचा. कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडर मारोतीने तो पाहिला आणि म्हाताऱ्या उकंडाची गाडी परत धाडली. उकंडाने बैल वळवले. मागे तांड्यावरची हंसाबाई होती. काटा तिथेच. तिलाही गाडी वळवायला सांगितलं.

तिने बैल हलू दिले नाहीत. बोंडातली सरकी काढून दाढेखाली धरली. कट्कन फुटली.

"ओली सरकी अशी वाजते काय, मारोतीभाऊ?"

"मशीन सांगून राह्यली, मावशी. मी काय करू?"

"मंग मशीनले दात लाव."

मागचे गाडीवान हसले. भैरवी हसली नाही. तिने एक सरकी स्वतः चावली. मग डबा रिकामा धरला. आत कापूस नव्हता, तरी काटा शेवटालाच. तिचा चेहरा उतरला.

"कापूस कोरडा आहे, मावशी. चूक माझी आहे." हे ती सगळ्यांसमोर म्हणाली. लॅपटॉप जोडून तिने माझी जोडणी पुन्हा भरली. काटा खाली आला.

हंसाबाई तरी हलली नाही. "आन उकंडाची गाडी?"

भैरवी मारोतीच्या मोटरसायकलवर मागे बसली. उकंडाची बैलगाडी गावाबाहेर, नाल्याच्या अलीकडे सापडली. तासाभराने गाडी जिनिंगवर परत आली. मी तिच्यातला कापूस मोजला. कोरडा होता.

आता मी कॉलेजच्या कपाटात आहे. तक्त्यात वीज गेल्यावरच्या आठवणीचा नवा रकाना आहे, त्यात पहिलं नाव माझं. मला त्याची लाज नाही. आम्हाला कुठेही बसवा, पण तो रकाना आधी भरा. आणि सरकी चावणारं माणूस जवळ असू द्या.