विश्वस्त कोण?

घरातल्या दुबळ्या माणसाची सोय तर लावायची, पण चारचौघांना पत्ता लागू द्यायचा नाही, असा पेच आपल्या कितीतरी घरांत असतो. दौंड तालुक्यातल्या राहू गावच्या जयसिंगआबांच्या घरात तो तीस वर्षं मुक्कामाला होता.

त्यांची लेक अनुपमा वयानं वाढली, बुद्धीनं लहानच राहिली. आबा सत्तरीला टेकले आणि प्रश्न उभा राहिला, आपल्यामागं हिचं काय? पाटसला हायवेलगत त्यांचे दोन गाळे होते. त्यांचं भाडं फक्त अनुपमासाठी राहील, अशी कायदेशीर व्यवस्था त्यांना हवी होती. दौंडच्या कोर्टात ओळखीचे वकील ढिगानं होते. म्हणूनच आबा दौंडला गेले नाहीत. बायकोला, सोजराबाईंना घेऊन त्यांनी थेट शिरूर गाठलं.

तिथल्या वकील तहमीनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "आबा, तुम्हाला मृत्युपत्र नको, ट्रस्ट हवा. मृत्युपत्र तुमच्यानंतर लागू होतं. ट्रस्ट तुमच्या डोळ्यांदेखत सुरू होईल. भाडं कुणासाठी खर्च करायचं?"

"हाय एक... नात्यातली."

"नात्यातली म्हणजे?"

"लेक," आबा पुटपुटले.

"बोला की मोठ्यानं!" सोजराबाई म्हणाल्या. "सोसायटीच्या मीटिंगला तर तुमास्नी माईक बी लागत न्हाई."

वकीलबाई हसल्या नाहीत. "आता विश्वस्तांची नावं सांगा. भाड्याचा हिशेब ते बघतील. अनुपमा वेळेवर जेवते का, तिला कुणी मारत नाही ना, हेही बघतील."

"नावाला काय तोटा? माझ्या शब्दावर आख्खं गाव गोळा व्हतंय!"

"गाव नको. तिला ओळखणारी दोन माणसं सांगा."

"पोपटराव घ्या. आमचा शेजारी, भरवशाचा गडी."

"त्यांनी तिला पाहिलंय?"

आबांनी ते नाव तिथंच सोडलं. "माझा ल्योक विश्वजीत हाय की."

"आन् त्याची बायको?" सोजराबाई मध्येच म्हणाल्या. "ताई, विश्वजीतसाठी पाहुणे आले, तवा पोरीला गोठ्यामागच्या खोलीत ठिवली. सुनेला लग्नाआधी सांगितलंच न्हाई. आपल्याला फसवलं म्हणून ती अजून धुसफुसती. पुण्यावरनं येत न्हाईत दोघं. तिचा तरी काय दोष?"

"आत्ता अनुपमा कुणापाशी आहे?"

"घरात. कडी लावून आलोय," आबा म्हणाले.

"ती कडी म्या काढली. शेजारच्या चांदबीपाशी सोडलीया," सोजराबाई म्हणाल्या. "तुमी घरी नसता तवा रोज येती ती. पोरीचं केस विंचरती."

आबांनी चमकून बायकोकडं पाहिलं. दुसऱ्यांच्या भावकीचे तंटे मिटवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घरातलं एवढंही ठाऊक नव्हतं!

"आबा," तहमीनाबाई शांतपणे म्हणाल्या, "कागद मी करून देईन. विश्वस्त मात्र मला तयार करता येत नाही. तुम्हाला वाटलं, तुम्ही लेकीला लोकांपासून लपवलंत. तुम्ही तिची माणसंच तिच्यापासून हिरावून घेतलीत!"

 आबा राहूत उतरले ते थेट चांदबीच्या दारात गेले. आत अनुपमा शेंगा फोडत बसली होती. बापाला बघताच ती दचकून चांदबीच्या पाठीशी लपली. आबांना धरणी दुभंगावी असं झालं.

"चांदबी, माझ्यामागं हिच्यावर नजर ठेवशील? कागदावर तुझं नाव घालायचंय."

"कागदाचं मला कळत न्हाई, आबा. शिकून घेईन. पर अट हाय. पोरीला चोरून भेटायचं आता बास. आन् एकट्या माझ्यावर टाकू नका, मी बी म्हातारीच व्हनार. गल्लीला कळू द्या."

आबांनी हात पुढं केला. बऱ्याच वेळानं अनुपमानं तो धरला. डेअरीला दूध घालून लोक परतत होते, त्या भर रस्त्यानं आबा तिला घेऊन निघाले. पोपटराव थबकले. "आबा, ही कोण?"

तीस वर्षांच्या शेजाऱ्याला पोटच्या लेकीची ओळख करून द्यावी लागते! आबांची मान खाली गेली. "माझी लेक हाय, पोपटराव. अनुपमा. म्याच लपवली व्हती."

पुढं ट्रस्ट रीतसर झाला. त्यात पहिलं नाव चांदबीचं लागलं. दुसऱ्या नावासाठी आबांना वर्षभर थांबावं लागलं. पोपटरावांची आणि अनुपमाची ओळख व्हायला तेवढा वेळ लागला.

वाचकहो, वकील शोधला की सापडतो, कागदही होतो. दडवून ठेवलेल्या लेकराला मात्र विश्वस्त मिळत नाही. आपल्या घरात असं कुणी असेल, तर त्याला आधी माणसांत आणा. लाज वाटायचीच असेल, तर ती त्याला लपवण्याची वाटू द्या!