पांढऱ्यावर पांढरे

मी एक जुनी स्टाइलशीट आहे. मित्रांनो, नाव ऐकून कोणी नीटनेटकी, देखणी वस्तू डोळ्यांसमोर आणू नका. माझ्या अंगावर आज चौदाशे ओळी आहेत. त्यांतल्या हजार तरी मेलेल्या आहेत आणि त्या कोणी उचललेल्या नाहीत. मला माझीच शिसारी येते.

मी काय काम करते ते आधी सांगते. कॉम्प्युटरवर प्रोग्राम उघडला की खिडकी येते, तिच्यात बटणे, रकाने, पट्ट्या असतात. हे सगळे उभारायला प्रोग्रामरांकडे एक तयार टूलकिट असते. बटण दाबल्यावर काय व्हायचे ते कोडमध्ये लिहितात, आणि ते दिसायचे कसे ते माझ्यात. आधी त्या वस्तूचे नाव, पुढे कंसात तिचा रंग, अक्षरांचा आकार, कडेची रेघ. एकाच नावाचे दोन नियम असले तर खालचा चालतो. पण खालच्याने जे सांगितलेच नाही, ते वरच्याचे तसेच चालू राहते. एवढे ध्यानात ठेवा.

मला जिने लिहिले तिला ऑफिसात सगळे ताई म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. आमचा प्रोग्राम दवाखान्यांतल्या औषधांच्या खिडकीसाठी होता. लिहायला बसण्याआधी ताई तीन दिवस एका दवाखान्यात कंपाउंडरकाकांच्या मागे स्टुलावर बसून होती. काका उभ्याने काम करायचे. एका हातात औषधाचे पाकीट, समोर दहा माणसांची रांग, आणि स्क्रीन हातभर लांब. एखाद्या रुग्णाला न सोसणारे औषध निवडले तर प्रोग्राम इशारा देणार होता. तो कसा हवा, असे ताईने विचारले.

“मला वाचायला लावू नका,” काका म्हणाले. “मान वळवली की दिसलं पाहिजे.”

म्हणून ताईने इशाऱ्याची पट्टी लालभडक केली आणि तिच्यावर ठळक पांढरी अक्षरे दिली. तेव्हा मी अवघ्या दोनशे ओळींची होते. प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते मला सांगता यायचे. माझी एकेक प्रत सत्तर दवाखान्यांत गेली. लोक प्रोग्रामला चांगला म्हणत, माझे नाव कोणी घेत नसे, पण मला त्याचे काही वाटले नाही. ते दिवस सुखाचे होते.

पुढे ताईला दुसरे काम दिले आणि मी घाईदादाच्या हाती आले. हे नाव त्याला ऑफिसाने दिलेले, आणि ते अगदी चपखल होते. त्याच्या आधी कोणीतरी माझ्यातली एक ओळ पुसली होती आणि एका दवाखान्यात छपाईचे बटणच दिसेनासे झाले होते. ऑफिसच्या साहेबांनी तेव्हा फर्मान काढले, की जुने काही पुसायचे नाही, नवे खाली लिहायचे. मग काय, जो येईल तो खाली भर घालून जाई. राखी रंगाच्या माझ्यात सतरा छटा जमल्या. प्रोग्राममधून कधीच काढून टाकलेल्या बटणांचे नियम तसेच पडून राहिले. एका ठिकाणी ‘तात्पुरते’ असे लिहिले आहे, त्याला सहा वर्षे झाली. दुसऱ्या ठिकाणी, ‘हे का आहे माहीत नाही, हात लावू नये’. खरकट्यावर खरकटे रचावे तसे हे चालले होते, आणि त्या घाणीला हे लोक अनुभव म्हणत.

एकदा एका मोठ्या रुग्णालयाचे व्यवस्थापक प्रोग्राम बघायला आले. त्यांनी नाक मुरडले. लाल रंग अंगावर येतो, जरा सौम्य करा, म्हणाले. साहेबांनी मान डोलावली. घाईदादाने माझ्या तळाशी इशारापट्टीचे नाव लिहिले आणि पुढे दोन गोष्टी लिहिल्या. पार्श्वभूमी पांढरी. कडेला नाजूक राखी रेघ. अक्षरांबद्दल तो काही बोललाच नाही. ती पांढरी आहेत हे हजार ओळी वर लिहिले होते, आणि तेवढे वर जाऊन बघणार कोण? तपासायला त्याने जो नमुन्याचा रुग्ण घेतला, त्याला सगळीच औषधे सोसत होती, त्यामुळे पट्टी उमटलीच नाही. साहेबांनी लांबूनच पाहिले आणि स्वच्छ दिसते म्हणाले. नवी प्रत सत्तर ठिकाणी गेली.

एके सकाळी काकांच्या खिडकीशी एक बाप आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन आला. तिचा कान दुखत होता. डॉक्टरांनी लिहिलेले औषध तिला सोसत नाही, हे दोन वर्षांपूर्वीच नोंदवलेले होते. काकांनी औषध निवडले. प्रोग्रामने चोख काम केले, इशाऱ्याचे शब्द माझ्याकडे पाठवले. आणि मी, मित्रांनो, मीच, ते पांढऱ्यावर पांढरे रंगवले. काकांनी मान वळवली. त्यांना एक रिकामी चौकट दिसली. त्यांनी बाटली दिली.

दुपारी ती मुलगी ओठ सुजलेली, श्वास अडकलेली अशी परत आली. ती वाचली. पण तीन दिवस खाटेवर होती, आणि तिचा बाप तिच्या उशाशी बसून होता.

चौकशी सुरू झाली. साहेबांनी प्रोग्रामची नोंद काढून दाखवली. सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी इशारा दिला होता, असे त्यात स्पष्ट होते. झाले, सगळे खापर काकांवर फुटले. काका सांगत राहिले की तिथे काही नव्हते. सव्वीस वर्षे एक चूक न केलेल्या माणसाला घरी बसवले. पुढे त्यांनी ताईला सांगितले, की बायकोनेही एकदा हळूच विचारले, खरेच दिसले नव्हते का.

आता जे सांगते त्याची मला सर्वांत जास्त किळस आहे. मुलीची बातमी ऑफिसात आली त्याच दिवशी घाईदादाने मला उघडले. माझी शेवटची ओळ वाचली. मग वर जाऊन ताईचा जुना नियम शोधला, आणि बराच वेळ त्यावरच थांबला. मग त्याने मला बंद केले. चौकशीला तो साहेबांच्या शेजारी बसला आणि तोंडातून अवाक्षर काढले नाही.

ताईला ही बातमी उडत उडत कळली. चौकशीच्या शेवटच्या बैठकीला ती कोणाला न विचारता दवाखान्यात आली. मोठे डॉक्टर, साहेब, घाईदादा, मुलीचा बाप आणि काका अशा सगळ्यांसमोर तिने त्या मुलीची नोंद उघडली आणि तेच औषध निवडले. रिकामी चौकट आली. मग तिने मला उघडून अक्षरांचा रंग काळा केला.

‘या रुग्णास हे औषध देऊ नये.’

काका पुढे आले. त्यांनी त्या शब्दांवर बोट टेकवले.

“म्हणजे हे इथंच होतं,” ते म्हणाले.

“होतं, काका,” ताई म्हणाली. “आम्ही ते तुम्हाला दिसू दिलं नाही.”

साहेब म्हणाले, ही केवळ तांत्रिक बाब आहे. मुलीच्या बापाने त्यांच्याकडे पाहिले. घाईदादा खाली बघत होता.

काळ्या अक्षरांची ओळ त्याच दिवशी सत्तर ठिकाणी गेली. अर्थात खालीच. मला धुऊन काढायला ताईने दोन आठवडे मागितले. साहेब म्हणाले, पुढची आवृत्ती झाली की बघू. तेव्हापासून तीन आवृत्त्या झाल्या.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मोठेपणी माझ्यासारखीत लिहायला बसेल. खाली एक शब्द घालण्याआधी वरचे वाचा. मेलेले उचला. आणि आपली चूक डोळ्यांना दिसली, तर फाईल बंद करू नका. तोंड उघडा.

काका कामावर परतले आहेत. आता ते रांगेतल्या प्रत्येकाला स्वतः विचारतात, कोणत्या औषधाचा त्रास होतो का. रांग लांबते, लोक कुरकुरतात, पण ते विचारतात. स्क्रीन त्यांनी भिंतीकडे वळवून ठेवली आहे. मी इथे काळी, ठळक अक्षरे रंगवते, आणि ती भिंत वाचते.