पाटीवरची चूल

गंगापूर रोडवरच्या त्या दुकानाची पाटी लांबूनच दिसायची: 'अस्सल चुलीवरची मिसळ'. रविवारी लोक पाटीखाली उभे राहून फोटो काढायचे. आत चुलीपुढे बावीस वर्षं नवसाबाई बसत होत्या. त्यांचा फोटो कुणी काढला नव्हता. धुरात त्या दिसायच्याच कुठे?

यंदा मात्र डॉक्टरांनी त्यांची छाती तपासली आणि सरळ सांगितलं, "धूर बंद. आजपासून."

दुकान भावाच्या मुलाचं, ललितचं. तो मनाचा वाईट नव्हता. "आत्या, तू आता आराम कर. चुलीवर दुसरी बाई ठेवतो," तो म्हणाला. नवऱ्याच्या माघारी नवसाबाई नांदगाव सोडून इथे आल्या, तेव्हापासून हा रस्सा हीच त्यांची ओळख होती.

"मला धूर नको म्हनले डॉक्टर. रस्सा नको नाय म्हनले."

ललितच्या बायकोने, दीपमालाने, दुसऱ्याच दिवशी मोठं इंडक्शन आणून ओट्यावर मांडलं. नवसाबाईंनी नेहमीचं जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं पातेलं त्यावर चढवलं. इंडक्शन नुसतंच टिटटिट करत राहिलं.

"आत्या, त्याला हे पातेलं चालत नाही. सपाट बुडाचं स्टीलचं लागतं."

"लय नखरे हायेत गं बाईचे!"

स्टीलचं पातेलं आलं. नवसाबाईंनी सांगितलं तसं दीपमालाने वाटण केलं, रस्सा झाला. रंग तोच, तवंगही तसाच. ललितने चमचाभर तोंडात घेतला आणि चमचा बाजूला ठेवला. नवसाबाईंनी स्वतः चाखला. सपक. जीव नसल्यासारखा.

"बघितलंस? गिऱ्हाईक पहिल्या घासाला ओळखेल," ललित म्हणाला. "रविवारी आपले नेहमीचे खंडेराव सर येतील. दोन्ही रस्से त्यांच्यापुढे ठेवू. त्यांनी चुलीचा ओळखला, की सोमवारपासून नवी बाई. कबूल?"

"कबूल," नवसाबाई म्हणाल्या खऱ्या, पण पुढचे तीन दिवस त्यांना अन्न गोड लागेना. तेच कांदे, तेच खोबरं, तोच काळा मसाला. मग चुकत काय होतं?

शनिवारी सकाळी त्या सवयीने विझलेल्या चुलीपाशी जाऊन बसल्या आणि हात आपोआप कांद्याच्या टोपलीकडे गेला. तिथेच त्या थबकल्या. रोज चूल पेटली, की अख्खे कांदे आणि खोबऱ्याच्या वाट्या त्या निखाऱ्यात सारायच्या. चूल पेटवण्याचंच ते एक काम, असं त्या धरून चालल्या होत्या. दीपमालाला सांगताना ते सांगायचं राहिलंच होतं, आणि तिने कांदा-खोबरं चिरून तेलात परतलं होतं!

"दीपमाला! कोळशाची शेगडी हाय का घरात?"

पेटलेल्या कोळशाला धूर नव्हता. मागच्या अंगणात दीपमालाने तो आधी लालभडक फुलवला आणि मगच आत्यांना जवळ येऊ दिलं. पंधरा मिनिटांत कांद्याची साल काळी झाली, खोबऱ्याला खमंग वास सुटला, आणि नवसाबाई एकट्याच हसल्या.

रविवारी ललितच्या डोळ्यांदेखत एकाच वाटणाचे दोन भाग झाले. एक चुलीवर, एक इंडक्शनवर. चुलीपुढची ती शेवटची पाळी नवसाबाईंनी तोंडाला पदर बांधून काढली. डोळे पुसता पुसता जाळ मोठा झाला, रस्सा बुडाला जरासा धरला. इंडक्शनवरचा बिचारा आपला मंद आचेवर शहाण्यासारखा रटरटत होता.

निवृत्त शिक्षक खंडेराव सर, अकरा वर्षं दर रविवारचे गिऱ्हाईक, खुर्ची सरसावून बसले. "डोळे बांधा हवं तर. चुलीचा रस्सा मी वासावर ओळखतो!" आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या. स्वयंपाकघराच्या दारात नवसाबाई चौकट धरून उभ्या होत्या.

सरांनी पहिल्या वाटीत पाव बुडवला. मग दुसऱ्या वाटीत. पुन्हा पहिल्या. मग पहिली वाटी बाजूला सारली आणि दुसरी तोंडाला लावून संपवली.

"ही चुलीवरची! ती कुठली आणलीत? जरा लागलीये."

ललितचा चेहरा उतरला. त्याने आत पाहिलं, मग सरांकडे. "सर... तुम्ही संपवलीत ती इंडक्शनवरची."

सरांनी मिशीला लागलेला तवंग पुसला.

"माझी जीभ चुकलेली नाही, ललित," ते म्हणाले. "तुझी पाटी चुकलीये. आण अजून एक वाटी."

सगळं दुकान हसलं. दीपमालाने तर टाळ्याच वाजवल्या.

ललित आत आला आणि मान खाली घालून म्हणाला, "आत्या, नवी बाई रद्द."

"आनि पाटी?" नवसाबाईंनी विचारलं. "लोकांना खोटं सांगून खाऊ घालायचं नाय."

आठ दिवसांत पाटी बदलली. 'नवसाबाईंची मिसळ' अशी मोठी अक्षरं, आणि खाली बारीक: 'वाटण कोळशावर, रस्सा इंडक्शनवर'. गिऱ्हाईक घटलं नाही. उलट धूर गेल्यामुळे आतली चार टेबलंही भरू लागली.

मग एका रविवारी नवसाबाईंनी रस्सा मंद आचेवर ठेवला, पदराला हात पुसले आणि बाहेर येऊन खंडेराव सरांसमोरच्या खुर्चीत बसल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

"दीपमाला, एक मिसळ आन गं. पाव जास्तीचे."

समोरून कुणीतरी मोबाइल उचलला. नवसाबाईंनी पदर नीट केला आणि ऐटीत म्हणाल्या, "थांब. वाटी येऊ दे, मग काढ."