उपाशी वाफ्यातली चिमूट

मी एक जुना पांढरा दगड आहे.

आहे म्हणजे, होतो. मित्रांनो, आता माझी पूड झाली आहे. म्हणून माझी गोष्टही तुकड्यातुकड्यांनीच येईल. माझी जी चिमूट जिथं पडली, तिथलं ती सांगेल. गोंधळू नका. चिमटी कितीही असल्या तरी बोलणारा मी एकच.

खाणीतला मी

कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं लाव्हा वाहिला आणि थिजून काळा दगड झाला. थिजताना त्यात बुडबुडे राहिले. अशाच एका बुडबुड्यात, पाणी झिरपत झिरपत, मी वाढलो. माझ्या अंगभर बारीक बिळं आहेत. ती तुम्हाला दिसणार नाहीत. शास्त्रज्ञ मला झिओलाइट म्हणतात.

तोच काळा दगड झिजून वर्धा जिल्ह्याची काळी माती झाली. म्हणजे माती माझी चुलत बहीण.

खाणीत मला कुणी विचारत नसे. रस्त्याच्या गिट्टीत माझा उपयोग नाही, म्हणून मला बाजूला फेकत. पुष्कळ वर्षं मी ढिगाऱ्यात पडून होतो. मग एके दिवशी मला चक्कीत घातलं. दुखलं का? दगडाला दुखत नाही. पण आपण इतके जण होतो, हे मला तेव्हा कळलं.

पोत्यातला मी

टेम्पोनं मला कारंजा घाडग्याजवळच्या एका गोठ्यात आणून टाकलं. गोठा अन्नपूर्णाबाईंचा. त्यांचा पालक आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, कारंज्याच्या बाजारात नावानं खपायचा. दोन वर्षांपासून मात्र त्या बाजारात बसल्या नव्हत्या.

कारण असं झालं. हायवेच्या कडेला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवण्याचा एक अड्डा होता. त्याची राख बाहेर पडून असे, पावसात नाल्याकाठच्या वावरांत वाहून जाई. भाजीवर राखड टाकली की कीड लागत नाही, हे इथं सगळ्यांना ठाऊक. म्हणून अन्नपूर्णाबाईंचे यजमान, लहानूभाऊ, बैलबंडी भरभरून ती राखड वावरात घेऊन आले. वावर चांगलं व्हावं म्हणूनच आणली. पुढं अड्डा बंद पडला, तपासणी झाली, आणि त्यांच्या पालकात मर्यादेच्या तिप्पट शिसं निघालं. अन्नपूर्णाबाईंनी स्वतःहून भाजी विकणं थांबवलं. लहानूभाऊ तेव्हापासून भाजीच्या वाफ्यांकडे फिरकले नाहीत.

आणि मग कृषी महाविद्यालयातून रक्षाताई आली; माझी पोती तिनंच मागवली होती. तिनं बारा वाफे आखले. सहा वाफ्यांत मला कालवलं. सहा तसेच ठेवले.

"काकू, या सहामध्ये पूड चिमूटभरही टाकायची नाही," ती म्हणाली. "फरक पाहायचा आहे. फरक दिसला तरच दुसरी मात्रा मिळेल. तुम्हाला आणि नाल्याकाठच्या बाकीच्या वावरांनाही."

"बरं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

जिथं मी नसायला हवा होतो, तिथली चिमूट

दुसऱ्या दिवशी भर दुपारी अन्नपूर्णाबाई गोठ्यात आल्या. प्रत्येक पोत्यातून त्यांनी एकेक सूप काढलं. नाकाला पदर बांधला आणि त्या सहा वाफ्यांत मला पेरून खुरप्यानं मातीत ओढलं.

"सहाले वाढाचं आन् सहाले ताटावर बसवून उपाशी ठेवाचं?" त्या स्वतःशीच बोलत होत्या. "असं पंगतीत करते का कोनी?"

मित्रांनो, मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण दगडाची पूड ओरडणार कशी? मी मातीत गेलो आणि माझं काम करू लागलो. पाण्यातून शिशाचे कण आले की मी त्यांना बिळात ओढून घेत होतो. बाराही वाफ्यांत. सारखंच.

गोठ्यात उरलेला मी

हिवाळ्यात रक्षाताई कागद घेऊन आली. तिचा चेहरा उतरला होता.

"शिसं कमी झालंय, काकू. मर्यादेच्या अजून थोडं वरच आहे, पण कमी झालंय."

"मंग तोंड काऊन पाडलं बाई?"

"बाराही वाफ्यांत कमी झालंय. पूड नव्हती तिथंही तेवढंच. वरचे म्हणतात, पावसानं धुऊन गेलं असेल, पुडीचा काही संबंध नाही. दुसरी मात्रा रद्द. उद्या पोती न्यायला टेम्पो येतोय."

अन्नपूर्णाबाईंनी पदराचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं की बोट पांढरं पडलं.

दुसऱ्या दिवशी रक्षाताईसोबत टेम्पो आला. पहिलं पोतं उचललं गेलं. त्यात मी होतो.

"ठेव बाप्पा ते खाली," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी सगळं सांगितलं. सूप, दुपार, पंगत.

रक्षाताई माझ्यावरच, म्हणजे पोत्यावर, मटकन बसली. "आठ महिने, काकू. आठ महिने मी त्या सहा वाफ्यांचं पान न् पान मोजलं."

"मले वाटलं, चांगलंच होईन."

लहानूभाऊ गोठ्याच्या दारात उभे होते. अन्नपूर्णाबाई त्यांच्याकडे वळल्या. "यायनं राखड टाकली ते चांगलं व्हाव म्हनून. म्या पूड टाकली तेबी चांगलं व्हाव म्हनून. दोघायनंबी कोनाले इचारलं नाई. तीन वर्सं मी यायले बोलून राह्यली होती. आता मी कोनत्या तोंडानं बोलू?"

"तुह्यानं तरी वाफे सुधरले," लहानूभाऊ म्हणाले. मग हळूच, "मले एक टोमना कमी पडन आता."

रक्षाताईला नको असताना हसू आलं. मग ती उठली. पूड टाकण्याआधीची वावरातली माती तिनं महाविद्यालयात जपून ठेवली होती. ती सहा कुंड्यांत भरायची, असं तिनं ठरवलं. तीन कुंड्यांत मी, तीन उपाशी. बी, ऊन आणि विहिरीचं पाणी तेच. चाळीस दिवस.

"कुंड्या कुठी ठेवता?" लहानूभाऊंनी विचारलं.

"इथंच. काकूंच्या अंगणात."

"हिच्याजवळ? उंदराले राखन बसवून राह्यली का, पोरी?"

"पाणी काकूंसारखं कोणी घालत नाही," रक्षाताई म्हणाली. टेम्पो रिकामा परत गेला.

उपाशी कुंडी

इथं मी नाही. म्हणून इथलं मला काही सांगता येत नाही.

दाराजवळच्या पोत्यातला मी

पालक उगवला. सहाही कुंड्यांत सारखाच हिरवा. शिशाचं तेच वाईट आहे, मित्रांनो. पान हसतमुख दिसतं.

अन्नपूर्णाबाई तांब्या मोजून पाणी घालत. एकविसाव्या दिवशी एका उपाशी कुंडीतलं एक पान पिवळं पडलं. एखादं पान पिवळं पडतंच. पण त्या माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी मूठ भरली. त्यांचा हात ओला होता. मी त्या हाताला चिकटलो.

"अवं," खाटेवरून लहानूभाऊ म्हणाले, "काय करून राह्यली?"

"काई नाई. हात धुवून राह्यली."

"पुडीनं?"

मी मुठीत होतो, म्हणून मला ठाऊक आहे: ती मूठ उघडायला केवढं बळ लागलं. मग मी पुन्हा पोत्यात पडलो. त्यांनी हात झटकला आणि पिवळ्या पानाकडे पाठ करून बसल्या.

चाळिसाव्या दिवशी रक्षाताई पानं घेऊन गेली. निकाल फोनवर आला. उपाशी कुंड्यांतल्या पानांत शिसं होतं तसं मर्यादेच्या तिप्पट. माझ्या कुंड्यांतल्या पानांत त्याच्या निम्म्याहून कमी.

वरच्यांनी दुसरी मात्रा मंजूर केली. या वावराला, आणि नाल्याकाठच्या बाकीच्यांनाही. मला वाफ्यांत कालवायला या वेळी लहानूभाऊ आले. तीन वर्षांनी त्यांचे पाय त्या मातीत पडले.

बारा वाफ्यांतला मी

पुढच्या हंगामात दोनदा तपासणी झाली. दोन्ही वेळा पालक मर्यादेच्या आत निघाला. अन्नपूर्णाबाई कारंज्याच्या बाजारात गेल्या. जुड्यांच्या मुळांना थोडी माती होती, त्या मातीत मीही होतो. समोरच्या किराणा दुकानातल्या सुलोचनाबाई उठून आल्या.

"कोणाच्या वावरातली?"

"माह्याच. तपासनीचा कागद दाखवू?"

"कागद राहू दे. दोन जुड्या दे. तीन वर्षं दुसऱ्याचा पालक खाऊन कंटाळले मी."

उपाशी कुंडी

आता इथंही मी आहे.

रक्षाताई या कुंड्यांतली उरलेली पानं पुरून टाकायला आली, तेव्हा अन्नपूर्णाबाईंनी विचारलं, "आता तरी वाढू का यायले?"

या वेळी त्यांनी विचारलं होतं.

"वाढा, काकू."

म्हणून मी आलो. मित्रांनो, माझं एकच सांगणं आहे. मी शिसं संपवत नाही. ते अजून इथंच आहे, माझ्या बिळांत. मी फक्त ते धरून ठेवतो, पानापर्यंत जाऊ देत नाही. पण माझी बिळं मोजकी आहेत. फुटकी बॅटरी, अनोळखी राख, कसली कोण जाणे ती पूड मातीत टाकण्याआधी कुणाला तरी विचारा. चांगल्यासाठी टाकत असाल, तर आधी विचारा.

बाकी मी आहेच. अन्नपूर्णाबाई आत्ताच पाणी घालून गेल्या. मी धरून आहे.